वशिला गुणांक

दार बंद होता होता दिगंबर उमाळकरला पडद्यावरचं ते शून्य दिसलं. एरवी दार बंद होण्याचं त्याला काही वाटेनासं झालं होतं. बॉथेलच्या या ऑफिसात दोन वर्षं तो हेच करत आला होता. मीटिंग सुरू व्हायची, हस्तांदोलनं व्हायची, सिएटलच्या हवेबद्दल दोन शब्द बोलून व्हायचे, मग दिगंबरचा साहेब टॉड घसा साफ करून म्हणायचा, “डिग, आता पुढचा भाग जरा…” आणि दिगंबर आपली वही उचलून बाहेर यायचा. त्याच्या गळ्यातला बिल्ला पिवळा होता. पिवळा म्हणजे परदेशी नागरिक, आणि लढाऊ विमानांचे खरे आकडे परदेशी नागरिकाच्या नजरेला पडता कामा नयेत असा अमेरिकेचा कायदा. आता हे आकडे ज्या प्रोग्रॅममध्ये ओतायचे तो प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत दिगंबरने लिहिलेला होता. पण तो लिहिला खोटे आकडे घालून. खरे आकडे आत पडले की प्रोग्रॅम सरकारी गुपित व्हायचा आणि लिहिणारा दाराबाहेर. पहिल्या महिन्यात त्याला याचा राग आला होता, दुसऱ्या महिन्यात हसू आलं होतं, आणि तिसऱ्या महिन्यापासून तो बाहेर येताना कॉफीचा कप न विसरता सोबत घेऊ लागला होता. माणसाला कशाचीही सवय होते, आणि दिगंबरला तर आपण सवयी लवकर लावून घेतो याचा अभिमानच होता. पण आज दाराच्या फटीतून पडदा दिसला, पडद्यावर त्याच्या प्रोग्रॅमचं सेटिंग्जचं पान होतं, त्यात खालून तिसऱ्या ओळीत ‘वशिला’ असं रोमन लिपीत लिहिलेलं होतं आणि त्याच्यापुढे शून्य होतं. तिथे शून्य नसायला हवं होतं. तिथे त्याने स्वतःच्या हाताने पॉइंट सहा घातलं होतं.

कॉरिडॉरमध्ये खिडकीशी एक खुर्ची होती. ती दिगंबरसाठी ठेवली आहे असं कोणी कधी म्हणालं नव्हतं, पण तिच्यावर दुसरं कोणी बसतही नसे. तो बसला. बाहेर हिरवळीवर सात-आठ बदकं जागेची मालकी असल्यासारखी फिरत होती, आणि गाड्यांच्या टपांवर मार्चचा करडा उजेड पडला होता. त्याने कॉफीचा घोट घेतला आणि तो तोंडातच धरून ठेवला. शून्य. हा आकडा चुकून पडलेला नाही हे त्याला लगेच कळलं होतं, कारण चुकून पडणारे आकडे कसे दिसतात हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक. प्रोग्रॅमचं काम तसं सोपं होतं. एखाद्या देशाने अठ्ठेचाळीस विमानं घेतली, तर कुठल्याही एका सकाळी त्यांतली किती उडायला तयार असतील, एवढंच तो सांगायचा. सगळी कधीच तयार नसतात. कुठे पंप गेलेला असतो, कुठे टायर झिजलेला असतो, आणि विमान सुट्या भागाची वाट बघत हँगरमध्ये उभं असतं. या नव्या अमेरिकन विमानाचा मोठा डौल असा की सगळ्या मित्रदेशांचे सुटे भाग एकाच सामायिक भांडारात राहणार. ज्याला लागेल त्याने मागावं. आता भांडारात पंप एक आणि मागणारे देश दोन, तर पंप कोणाला? ज्याने आधी मागितला त्याला, असं सगळे म्हणतात. दिगंबरनेही पहिल्या आवृत्तीत तसंच लिहिलं होतं. मग जुन्या सामायिक भांडारांचे जाहीर झालेले आकडे तो चाळत बसला, आणि आठवडाभराने त्याच्या लक्षात आलं की आधी मागणाऱ्याला आधी मिळतं हे तिथे बहुतेक वेळा खरं ठरत नव्हतं. थोरल्या देशाला आधी मिळत होतं. त्याने एक नवा आकडा घातला. तो शून्य असेल तर रांग सरळ चालते, एक असेल तर थोरला कायम पुढे. त्याच्या हिशेबाने खरी गोष्ट पॉइंट सहाच्या आसपास होती. आणि या आकड्याला नाव काय द्यावं असा क्षणभरही विचार न करता त्याच्या बोटांनी टाइप केलं होतं: वशिला.

खरं तर कामाच्या घाईत दिलेली अशी नावं नंतर बदलायची असतात. तोही बदलणार होता. पण मॅन्युअल लिहिणाऱ्या बाई त्याआधीच येऊन गेल्या, त्यांनी सेटिंग्जचं पान पाहिलं, आणि पॉइसाँ, वायबुल अशा संख्याशास्त्रज्ञांच्या नावांच्या शेजारी वशिला दिसल्यावर त्यांनी ‘वशिला गुणांक’ असं लिहून टाकलं. कोणी विचारलं नाही. टॉड तर पुढच्याच मीटिंगमध्ये ‘वशिलाज मेथड’ म्हणायला लागला. टॉड विक्रीचा माणूस, त्याला नावं आवडायची. वशिला हा कोणी चष्मेवाला भारतीय संख्याशास्त्रज्ञ असावा आणि त्याने कलकत्त्याला बसून हे सूत्र शोधलं असावं, असं चित्र त्याने मनाशी रंगवलेलं होतं, आणि दिगंबरने ते पुसलं नव्हतं. आधी गंमत म्हणून, मग संकोच म्हणून, आणि मग इतका उशीर झाला होता की खुलासा करणं म्हणजे टॉडला वेड्यात काढणं झालं असतं. घरी त्याने ही गोष्ट बायकोला, सुवर्णाला, सांगितली तेव्हा ती पोट धरून हसली होती. त्यांची अकरा वर्षांची नेत्रा म्हणाली होती, “सो यू मेड अप अ सायंटिस्ट?” आणि तिला समजावता समजावता दिगंबरच्या लक्षात आलं होतं की वशिला म्हणजे काय हे तिला मुळात माहीतच नाही. तिच्या शाळेत झोपाळ्यासाठी खरोखरच रांग लावत.

आत बसलेल्या पाहुण्यांच्या देशाचं नाव त्याला अधिकृतपणे सांगितलेलं नव्हतं. कागदोपत्री तो ‘देश एन’ होता. पण धावपट्टीवरचा बर्फ, दोनच तळ, लांबलचक किनारा हे सगळं खोट्या आकड्यांतही होतं, आणि एवढ्यावरून शेंबड्या पोरानेही नाव सांगितलं असतं. देश एनला आपली जुनी विमानं मोडीत काढून नवी घ्यायची होती. एक स्वीडिश विमान होतं, चांगलं, आटोपशीर, शेजारचं; पण स्वीडन तेव्हा अमेरिकेच्या लष्करी आघाडीत नव्हतं. एक युरोपी विमान होतं, ते चार देशांनी मिळून बनवलेलं, म्हणजे स्क्रूसुद्धा बदलायचा तर चार सह्या. आणि तिसरं अमेरिकन. वर्तमानपत्रांत याबद्दल जे छापून येई ते दिगंबर जेवताना वाचायचा आणि मान हलवायचा. वेग, पल्ला, रडार, कुठल्या गावात किती नोकऱ्या येणार, सगळ्याची चर्चा. जणू हे लोक बाजारात भांडं घ्यायला निघालेत. हे भांडं नव्हतं, ही सोयरीक होती. विमान चाळीस वर्षं राहतं. चाळीस वर्षं त्याचा प्रत्येक पंप, प्रत्येक टायर त्याच घराकडून मागायचा. अडीअडचणीला हे घर आपल्यामागे उभं राहील म्हणून मुलगी द्यायची, आणि मग त्या घरच्या प्रत्येक कार्याला, पटो न पटो, हजर राहायचं. पोलंडने अमेरिकन विमानं घेतली आणि पुढच्याच वर्षी पोलिश सैनिक इराकमध्ये होते. त्याचं कोणाला नवल वाटलं तेव्हा दिगंबरला त्या नवलाचंच नवल वाटलं होतं. सोयरीक करू नये असं त्याचं म्हणणं नव्हतं. लहान घराला करावीच लागते. पण जेवायला कितव्या पंगतीत बसवणार आहेत, हे आधी विचारून घ्यावं.

हे शहाणपण त्याला कुठल्या विद्यापीठाने दिलेलं नव्हतं. ते नागपूरचं होतं, बाबांचं. बाबा हवाई दलाच्या एका डेपोत स्टोअरकीपर होते, गणवेश नसलेले, खाकी पँट आणि पांढरा बुशशर्ट. विमान त्यांनी कधी चालवलं नाही, पण विमान उभं का आहे हे त्यांना वैमानिकांपेक्षा आधी कळायचं. रशियन सुट्या भागांवरची अक्षरं वाचता यावीत म्हणून त्यांनी चाळिशीत रशियन लिपी शिकून घेतली होती, आणि शाळकरी दिगंबरच्या वह्यांवर ते कधी कधी गमतीने त्याचं नाव त्या अक्षरांत लिहीत. ब्याण्णव साली एका विमानाच्या पंपासाठी त्यांनी पाठवलेलं पत्र चार महिन्यांनी परत आलं. पाकिटावरचा देशच शिल्लक राहिला नव्हता. कारखाना होता तिथेच होता, पण त्याच्यावरचं राज्य बदललं होतं, आणि नव्या राज्याला जुनी मैत्री आठवत नव्हती. विमान अकरा महिने ताडपत्रीखाली उभं राहिलं. बाबा रोज सकाळी त्याच्याजवळून जाताना एकदा ताडपत्रीवरून हात फिरवीत, हे दिगंबरने एका रविवारी त्यांच्यासोबत गेला असताना पाहिलं होतं आणि त्याला विनाकारण लाज वाटली होती, दुसऱ्याचं पत्र वाचल्यासारखी. ते कोणावर चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, “आपला नंबर होता. नंबर असून काय होतं.” आणि हे म्हणणारा माणूस असा की ज्याने उभ्या आयुष्यात स्वतःसाठी एकदाही शब्द टाकला नाही. घरी येऊन जेवून गेलेले मोठमोठे अधिकारी होते. एक फोन, एक चिठ्ठी पुरली असती, दिगंबरच्या प्रवेशाच्या वेळी, आईच्या ऑपरेशनच्या वेळी. बाबा रांगेत उभे राहिले. वशिल्याने आलेली वस्तू घरात आली की घर लहान होतं, असं त्यांचं ठाम मत होतं. तरुणपणी दिगंबरला या मताचा इतका संताप येई की तो जेवणावरून उठून जाई. आता चाळिशीला टेकल्यावर, बारा हजार किलोमीटरांवरून, त्याला तेच मत ताठ कण्याच्या माणसासारखं दिसायचं. आपण बाबांवर गेलो आहोत असं तो हल्ली स्वतःला बऱ्याचदा सांगत असे.

दार उघडलं आणि संजय बाहेर आला. संजय पूर्वी पिवळ्या बिल्ल्याचाच होता, मूळचा डोंबिवलीचा. गेल्या ऑगस्टमध्ये त्याने नागरिकत्वाची शपथ घेतली आणि निळा बिल्ला लावून तो आत बसू लागला. त्याने दार नीट लावून घेतलं आणि कॉफीच्या मशीनकडे वळला.

“शून्य कोणी टाकलं?” दिगंबरने विचारलं.

संजयने मागे वळून पाहिलं नाही. “मी. टॉड म्हणाला, डिफॉल्ट झिरो ठेव. डेमोमध्ये एक्स्ट्रा बटणं कशाला दाखवायची? कस्टमर कन्फ्यूज होतो, यार.”

“शून्यावर दहातली आठ विमानं तयार दिसतात. पॉइंट सहावर पाच. संजय, याला कन्फ्यूज म्हणत नाहीत.”

“तुला खरे आकडे कुठे माहीत आहेत?”

“मला प्रोग्रॅम माहीत आहे.”

संजय आता वळला. त्याच्या चेहऱ्यावर अपराधीपणा होता, पण तो चेहऱ्यावर फार वेळ राहणाऱ्यांतला नव्हता. “हे बघ, फील्ड स्क्रीनवर आहे. आपण लपवलंय का काही? विचारलं की सांगू. एका बाईंनी विचारलंसुद्धा, हे वशिला काय आहे म्हणून. टॉडने सांगितलं, इट्स अ क्लासिक. मी खाली बघत बसलो. हसू दाबताना जीव गेला माझा.”

“तू सांगितलं नाहीस.”

“मी काय सांगणार? आणि तूही सांगू नकोस. तुझा आय-वन-फॉर्टी अजून अडकलाय ना? मग? लाइनीत उभ्या असलेल्या माणसाने काउंटरवाल्याशी पंगा घ्यायचा नसतो. काकांना विचार, ते पण हेच सांगतील.” काका म्हणजे दिगंबरचे बाबा. दोन वर्षांपूर्वी ते इथे आले होते तेव्हा संजयने त्यांना धबधबा दाखवायला नेलं होतं.

संजय आत गेला. बोलला ते खोटं नव्हतं. आय-वन-फॉर्टी म्हणजे दिगंबरच्या ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, आणि तो अजून मंजूर व्हायचा होता. सरकारने एका कागदाबद्दल विचारणा केली होती, आणि तिचं उत्तर कंपनीच्याच कायदेखात्यात एका गठ्ठ्यात पडून होतं. अर्ज मंजूर झाला की चार वर्षांपूर्वी मिळालेला रांगेतला नंबर कायमचा त्याचा. त्याआधी नोकरी गेली तर नंबरही गेला, व्हिसाचं सहावं आणि शेवटचं वर्ष चालू होतं म्हणजे घरही गेलं, नेत्राची शाळा गेली, सुवर्णाचं नुकतंच सुरू झालेलं लॅबमधलं काम गेलं. आज सकाळीच नेत्राचा डबा भरता भरता सुवर्णा म्हणाली होती, “या वर्षी तरी होईल ना रे? मला भिंतीला रंग द्यायचाय.” सहा वर्षांत तिने भाड्याच्या घराच्या भिंतीत एक खिळा ठोकला नव्हता. गणपतीचं चित्रसुद्धा कपाटावर टेकवून ठेवलेलं होतं. त्या रांगेचं गणितही दिगंबरला पाठ होतं. तिथे आधी येणाऱ्याचा नंबर आधी लागत नाही. तुमचा जन्म कुठल्या देशात झाला यावर रांगेची लांबी ठरते. त्याच्यानंतर तीन वर्षांनी आलेला एक डॅनिश मुलगा ग्रीन कार्ड घेऊन मोकळा झाला होता. चांगला मुलगा होता. पेढे म्हणून त्याने डोनट वाटले होते आणि दिगंबरने दोन खाल्ले होते.

पुन्हा दार उघडलं तेव्हा त्याला वाटलं संजयच असेल. पण आलेली बाई उंच, पन्नाशीची, कानांच्या वर कापलेले पांढरे केस. सकाळी तिने सगळ्यांशी हस्तांदोलन केलं होतं. देश एनच्या हवाई दलातली कर्नल, सुट्या भागांचं खातं तिच्याकडे, नाव मारित. तिच्या जाकिटाला हिरवा बिल्ला होता. तीही इथे परदेशीच, पण मित्रदेशातली परदेशी, म्हणून आतली. तिने पाठ ताणली, खिडकीतून बदकांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“तुम्हाला बाहेर का बसवलंय?” तिने विचारलं. तिचं इंग्रजी सावकाश आणि स्वच्छ होतं.

“बिल्ला पिवळा आहे. आणि माफ करा, मला पाहुण्यांशी कामाबद्दल बोलायची परवानगी नाही.”

“कामाबद्दल नाही विचारत. मी एक माणूस शोधते आहे. वशिला नावाचा. तुमचं मॅन्युअल आम्हाला महिन्यापूर्वी मिळालं. मी तीन संध्याकाळी त्याला शोधलं. पुस्तकांत नाही, इंटरनेटवर नाही. आमच्या विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांना विचारलं, ते म्हणाले, नाव ऐकल्यासारखं वाटतं.” ती हसली नाही. “टॉड म्हणतात जुनी पद्धत आहे.”

“जुनी आहे,” दिगंबर म्हणाला. “फार जुनी.”

इथे तो थांबू शकला असता. मान हलवून कॉफीत बघितलं असतं तरी भागलं असतं, आणि ती आत गेली असती, आणि संध्याकाळी त्याने सुवर्णाला कुठला रंग देऊया विचारलं असतं. कॉफीच्या मशीनची घरघर त्याला एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. भीती नव्हती असं नाही. पण आकडा त्याचा होता. दोन वर्षं त्याने तो घडवला होता, पारखला होता, आणि जगात या एका गोष्टीबद्दल त्याच्याइतकं खात्रीने बोलू शकणारा दुसरा माणूस नव्हता. त्याच्या नावावर शून्य खपवून कोणी एका देशाला चाळीस वर्षं हँगरमध्ये उभं करणार असेल, तर त्याला ते चालणार नव्हतं. इतकं साधं होतं ते. आणि कायदा विमानांबद्दल होता. मराठीबद्दल कुठलाही कायदा अमेरिकन सरकारने केलेला नव्हता.

“तो माणूस नाही,” तो म्हणाला. “माझ्या भाषेतला शब्द आहे. मी तुम्हाला टेलिफोनची गोष्ट सांगतो. माझ्या वडिलांनी टेलिफोनसाठी एकोणऐंशी साली अर्ज केला. आमच्या शेजाऱ्यांनी पंच्याऐंशी साली केला. शेजाऱ्यांचा मेहुणा खात्यात होता. टेलिफोन आधी कोणाकडे आला असेल?”

“शेजाऱ्यांकडे.”

“दोन महिन्यांत. आमच्याकडे अठ्ठ्याऐंशी साली आला. मधल्या काळात माझी आजी गेल्याचा फोन शेजाऱ्यांकडे आला, आणि वडिलांनी तो त्यांच्या दिवाणखान्यात उभ्याने घेतला. त्या दोन घरांत जो फरक होता त्याला वशिला म्हणतात.”

मारितने विचारलं, “आणि तो शून्य असेल तर?”

“तर टेलिफोन आधी आमच्याकडे येतो.”

“असं कधी होतं?”

“मी पाहिलेलं नाही.”

तिने खिडकीच्या कठड्यावर हात टेकला. “दोन हजार तीनमध्ये आमची सहा विमानं चार महिने उभी होती,” ती म्हणाली. “टायरसाठी. मागणी आम्ही सगळ्यांच्या आधी नोंदवली होती. टायर वाळवंटात गेले. मी दर सोमवारी पत्र पाठवायचे आणि दर गुरुवारी फार सौजन्याचं उत्तर यायचं.” तिने जाकीट सारखं केलं. “आमच्या भाषेत याला शब्द नाही. आम्ही त्याला मैत्री म्हणतो.” मग तिने त्याच्या बिल्ल्यावरचं पूर्ण नाव वाचलं, एकेक अक्षर लावत, ‘दि-गं-बर’, आणि आत गेली.

तो बसून राहिला. विमानाचा एक शब्द आपण उच्चारलेला नाही, हे त्याने मनाशी दोनदा तपासलं, आणि आपण सगळं सांगून टाकलेलं आहे हेही त्याला तितकंच पक्कं माहीत होतं. आतून टॉडचं मोकळं हसू ऐकू आलं, मग एका बाईचा बारीक, एका सुरातला आवाज, मग काहीच नाही. प्रोग्रॅमला मोजायला चाळीस सेकंद लागतात. त्यांनी आकडा बदलला असेल का, बदलला तर किती, पडद्यावर आता काय उमटत असेल, हे सगळं तो भिंतीपलीकडून पाहत होता, आणि गंमत म्हणजे त्याला विलक्षण आनंद होत होता. आईला शाळेच्या संमेलनात आपल्या पोराच्या तोंडच्या ओळी पाठ असतात तसं त्याचं झालं होतं. दहातली पाच, तो पुटपुटला. फार तर साडेपाच. बाबांना फोन करून सांगावंसं वाटलं, की तुमची ताडपत्री मी आज एका परक्या बाईला उचलून दाखवली. ते म्हणाले असते, बरं केलंस. आणि लगेच विचारलं असतं, नोकरीचं काय? मग त्याला भिंत आठवली, सुवर्णाची रंग न दिलेली भिंत, आणि आनंदाखालून भीती वर आली, थंड, ओळखीची. तरी त्याने शब्द परत घेतला नसता. अर्ध्या तासात त्याने स्वतःला हे बऱ्याच वेळा विचारून पाहिलं आणि उत्तर बदललं नाही.

टॉड बाहेर आला तेव्हा त्याचा टाय सैल झालेला होता. त्याने दार ओढून घेतलं आणि भिंतीला टेकून उभा राहिला. टॉड दुष्ट नव्हता. दरवर्षी सगळ्यांच्या मुलांचे वाढदिवस लक्षात ठेवणारा माणूस होता तो.

“तू तिच्याशी बोललास.”

“एका मराठी शब्दाचा अर्थ सांगितला.”

“दोन वर्षं मी जगभर सांगत फिरतोय की तो शास्त्रज्ञ होता. एकदा तर मी तो वारला असंही सांगितलं.”

“तू मला कधी विचारलं नाहीस.”

टॉडने डोळे चोळले. “तिने मॅन्युअलमध्ये बघून पॉइंट सहा टाकायला लावलं. मग पॉइंट आठ. काय आलं ते मी तुला सांगू शकत नाही.”

“पाच,” दिगंबर म्हणाला. “दहातली पाच.”

टॉडने नजर दुसरीकडे वळवली आणि उत्तर मिळालं. “विमानं ते घेणारच,” टॉड म्हणाला. “ते वरच्या पातळीवर ठरलेलं आहे, तुला आणि मला कोण विचारतो. पण आता रांगेतली आपली जागा त्यांना करारात लिहून हवी आहे. वॉशिंग्टनला लोकांच्या झोपा उडणार आहेत. खरं सांगू? मी तुला आज काढलं असतं. दार उघडताना तेच ठरवून आलो होतो.”

“मग?”

“मग त्या बाईंनी बसल्या जागी एक पत्र लिहून माझ्या हातात दिलं. ज्याने हा आकडा बसवला तो माणूस खोलीत हवा, नाहीतर आमच्याकडच्या कुठल्याच आकड्यावर त्यांचा विश्वास नाही. पूर्ण नाव लिहिलंय तुझं, स्पेलिंगसकट.” टॉडला आता किंचित हसू आलं. “म्हणजे तुला आत बसायचा सरकारी परवाना काढायला हवा. कायदेखात्यात तुम्हा परदेशी लोकांच्या कागदांचा गठ्ठा आहे, परवाने, व्हिसा, ग्रीन कार्ड, सगळं एकत्रच. सतरा जण आहेत. तुझा नंबर चौदावा. मी आत्ताच फोन केला. परवाना आणि तुझं ते ग्रीन कार्डचं उत्तर, दोन्ही सगळ्यात वर ठेवलेत. आज संध्याकाळी जातील.”

दिगंबर उभा राहिला. त्या सतरांतल्या काहींना तो ओळखत होता. टेस्टिंगमधली चिनी मुलगी, जिचा व्हिसा मे महिन्यात संपत होता आणि जी हल्ली जेवायला एकटीच बसायची. खालच्या मजल्यावरचा ब्राझीलचा माणूस, ज्याला आईला भेटायला जायचं होतं आणि कागद आल्याशिवाय जाता येत नव्हतं. तेरा जण एका फोनने एकेक जागा खाली सरकले होते आणि त्यांना ते कधी कळणार नव्हतं. त्यांना फार सौजन्याचं उत्तर जाईल. माझा अर्ज होता तिथेच ठेवा, हे वाक्य त्याच्या तोंडात पूर्ण तयार होतं. बाबांनी ते म्हटलं असतं, आवाज न चढवता, आणि घरी येऊन हातपाय धुऊन जेवायला बसले असते. आपण बाबांवर गेलो आहोत, हे म्हणून दाखवायला याहून चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती. टॉड वाट बघत उभा होता.

“थँक यू, टॉड,” दिगंबर म्हणाला, आणि त्याने ते अगदी मनापासून म्हटलं.